पितळी इंजिनाची तीन अक्षरं

तुमचा फोन अजून वाजतो. काल दुपारी अमरावतीहून एकाचा आला. अजनीवाले काका आहेत का, म्हणाला. नाहीत म्हटलं, तर कधी येतील म्हणून विचारलं. महिना उलटून गेला, पण या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला अजून जमत नाही. मी म्हटलं, फोटो पाठवा, मी बघते. तुम्ही गेल्याचं आणखी एकदा तोंडाने सांगण्यापेक्षा इंजिनाची चाकं बघणं सोपं वाटलं. फोटो आला. टिनाचं, किल्लीवर चालणारं, हिरव्या रंगाचं. मी चष्मा लावला, फोटो मोठा केला आणि आधी स्क्रूच्या खाचा पाहिल्या. खाचेतला रंग फुटलेला होता, म्हणजे कुणीतरी ते उघडून पुन्हा रंगवलेलं. मग माझ्या लक्षात आलं की मी जिभेचं टोक दातांत धरून बघते आहे, अगदी तुमच्यासारखी. एकदम थकल्यासारखं झालं. त्याला लिहिलं की वरचा रंग नंतरचा आहे, फार आशा ठेवू नका. त्याने हात जोडल्याचं चित्र पाठवलं, काकांना नमस्कार सांगा म्हणून.

तेराव्याला तुमचे मावसभाऊ मला विचारत होते की रिटायर झाल्यावर भाऊ नेमका करायचा काय. मला नीट सांगता आलं नाही. म्हटलं, लोक इंटरनेटवर जुन्या काळच्या खेळण्यातल्या रेल्वे इंजिनांचे फोटो टाकतात. कुणाला विकायचं असतं, कुणाला घ्यायचं असतं. ते खरं की बनावट, कुठल्या काळातलं, काय किमतीचं, हे ओळखून सांगायचे. ते म्हणाले, म्हणजे ज्योतिषच की. मला हसू आलं, तेराव्याच्या पंगतीत. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, ज्योतिषाले निदान पत्रिका तरी भेटते.

मी दमले आहे हो. रडून नाही, रडणं आटोपलं. कपाटं उघडून बंद करून दमले. साठ-सत्तर इंजिनं, त्यांचे डबे, किल्ल्या, दोऱ्याला बांधलेलं तुमचं लोहचुंबक. मेघा बंगलोरहून रोज फोन करते. तिने सगळ्याची यादी करायला घेतली आहे आणि ते बरोबरच आहे, मी एकटी हे सांभाळणार नाही. पण यादीत तिने पहिलं नाव टाकलं ते तुमच्या पितळी इंजिनाचं. पुण्याचे एक गृहस्थ ते घ्यायला तयार झाले होते. दसऱ्याआधी ते घरातून गेलं पाहिजे, असं मेघाचं म्हणणं होतं. "बाकीचं राहू दे आई, ते आधी विक," म्हणाली. तिने त्याला इंजिनसुद्धा म्हटलं नाही. तुमच्या लेकीच्या मनात त्या इंजिनाबद्दल काय आहे ते तुम्हाला ठाऊक होतं. ते तिच्या मनात मी घातलं, हेही ठाऊक होतं. तरी तुम्ही कधी बोलला नाहीत.

आधी त्या इंजिनाचंच सांगते, म्हणजे माझ्या डोक्यात ते एकदा सरळ लागेल.

आपल्या लग्नाआधी तुम्ही अजनीला रेल्वे इंजिनांच्या शेडमध्ये नवे फिटर होतात. एक म्हातारे ड्रायव्हर साहेब वारले, त्यांच्या बाई सगळं आवरून परदेशात मुलाकडे निघाल्या. तुम्ही त्यांचं शिवणयंत्र दुरुस्त करून दिलंत. त्यांनी पैसे विचारले, तुम्ही कपाटावरच्या त्या इंजिनाकडे बोट दाखवलंत. वीतभर लांबीचं, स्पिरिटच्या दिव्यावर पाणी उकळून खरोखर वाफेने चालणारं. बाई म्हणाल्या, घेऊन जा, माझ्या सासऱ्यांचं आहे. हे मला तुम्ही लग्नानंतर आठवडाभरात सांगितलंत. नव्या नवरीला दाखवायला तुमच्याजवळ दागिना नव्हता, हे होतं. मला तेव्हा त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मी सदरला वकिलाकडे टायपिस्ट होते, मला टाइपरायटर कळायचा.

मग आपला पहिला दसरा आला. खंडेनवमीला माझ्या माहेरी विळी, अडकित्ता, बाबांचा वस्तरा, सगळं घासूनपुसून पाटावर मांडायची पद्धत. तुम्ही ड्यूटीवर गेलात. मी देवघरातली पितळ काढली, चिंच भिजवली, चुलीतली राख चाळून घेतली. समई झाली, तांब्या झाला, आणि समोर तुमचं इंजिन. काळपट, मळकट, जागोजागी पोपडे आलेलं. मला वाटलं, नवऱ्याच्या रोजीरोटीचं दैवत हे, याला असं पारोसं कसं ठेवायचं? दीड तास घासलं. चिंचेच्या चोथ्यात सोनेरी कण उतरले होते. मला वाटलं, पितळेचं तेज सुटतंय.

तुम्ही संध्याकाळी आलात. इंजिन उचललंत, खिडकीशी नेलंत, तिरकं धरून बघितलंत. मग खाली ठेवलंत, हात धुतलेत आणि म्हणालात, "चमकली वं कुंदा. ठेव देवापुढे." मी हळदीकुंकवाची बोटं ओढली. तुम्ही जेवताना गप्प होतात, पण शेडमधून आल्यावर गप्प असायचातच. छत्तीस वर्षं ही गोष्ट मी आल्यागेल्याला सांगत आले. नवी सून, डबडं इंजिन, आणि मी कसं सोन्यासारखं केलं. तुम्ही शेजारी बसून हसायचात.

पुढे बरीच वर्षं तुमचा नाद लहानच होता. कबाड्याकडून, जुन्या बाजारातून एखादं आणायचात. मेघा लहान असताना तान्ह्या पोळ्याला सगळ्या गल्लीची पोरं लाकडी बैल ओढत निघाली आणि आपली टिनाचं इंजिन दोरीने ओढत गेली. बक्षीस देणाऱ्याने विचारलं, बैल कुठे आहे? मेघा म्हणाली, हा माझ्या बाबाचा बैल. त्या वर्षी तिला बक्षीस मिळालं नाही, पण तुम्ही तिला सावजी हॉटेलातून तिखटजाळ तर्री आणून खाऊ घातलीत आणि तिच्या डोळ्यांतून पाणी काढलंत.

मग घरात कॉम्प्युटर आला आणि आपला खरा संसार सुरू झाला, असं मी म्हणते. तुम्हाला इंग्रजी वाचता यायचं, लिहिताना हात अडायचा. तुम्ही बोलायचात, मी टाइप करायची. तुम्ही म्हणायचात, "लिही, मागचं चाक जरासं डगडग करून राहिलं," आणि मी त्याचं सभ्य इंग्रजी करायची. परदेशातले लोक तुमच्या भाषेचं कौतुक करायचे. ती भाषा वकिलाच्या नोटिशीची होती हे त्यांना कुठलं कळणार?

मला तुम्ही एकेक शिकवलंत. पितळ की पितळेचा मुलामा, ते लोहचुंबक सांगतं. जुन्या ओतीव चाकांचा धातू आतून फुगतो आणि तडकतो, तडा नसला तर चाक नवं समजायचं. इंजिन एकाचं आणि मागचा कोळशाचा डबा दुसऱ्याचाच जोडलेला असला, की तुम्ही म्हणायचात, "हा पाट लावलेला हाये, कुंदा. संसार चालते, पण पहिल्या घरची किंमत येत नाही." घासल्याच्या रेघा बघून घासणारा उजवा होता की डावरा, हेसुद्धा तुम्ही सांगायचात. आणि सगळ्यांत मोठी परीक्षा त्या निळ्या दिव्याची. दुकानात नोटा तपासायला असतो तो, बर्डीच्या बाजारातून आणलेला. त्याच्या उजेडात जुना रंग एक दिसतो आणि नवा दुसरा, पण त्याला मिट्ट काळोख लागतो. नागपूरच्या दुपारी काळोख कुठून आणायचा? म्हणून पलंगावर बसून डोक्यावरून गोधडी घ्यायची. मे महिना, कूलर बंद, कारण त्याने गोधडी हलते, आणि आत आपण दोघं घामाने निथळत इंजिनाच्या पोटाशी नाक लावून बसलेलो. एकदा दूधवाला दारातून बघून परत गेला. त्यानंतर कितीतरी दिवस तो माझ्याशी नजर वर करून बोलत नव्हता.

आणि तुमचे दोन नियम. एक, घासायचं नाही. मळ असला तर असू द्या, मळ म्हणजे वय. दोन, दोष आधी, किंमत मागून. वर्णनाची पहिली ओळ दोषाची, मग बाकीचं कौतुक. मी म्हणायची, असं कुणी विकतं का? आपल्या पोरीचं स्थळ बघायला आले तर आधी सांगणार का की ती घोरते? तुम्ही म्हणायचात, "सांगावं. मंग कोणी फसत नाही." सक्करदऱ्याहून एक शिक्षक आले होते, आठवतं? वडिलांच्या आठवणीसाठी त्यांनी इंटरनेटवरून शंभर वर्षं जुनं म्हणून इंजिन मागवलं होतं. तुम्ही ते उलटं केलंत आणि दोन मिनिटांत सांगितलंत की हे कालपरवाचं, शोभेसाठी बनवलेलं. त्यांचा चेहरा उतरला. मी आतून खुणा करत होते, थोडं गोड बोला म्हणून. तुम्ही त्यांना चहा पाजलात, पण शब्द बदलला नाहीत. खोटं बोलणं तुम्हाला येतच नाही, असं मी त्या दिवशी चिडून म्हणाले.

तो पहिला नियम तुम्ही सांगितलात तेव्हा मला माझी चिंच आठवली होती. मी तिथल्या तिथे विचारलं, "अहो, तुमचं पितळी इंजिन मी घासलं होतं. काही बिघडलं तर नाही?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "ते कोरंच होतं वं. कोऱ्या पितळेले काय होते?" मी निर्धास्त झाले आणि विसरून गेले. खोटं न येणाऱ्या माणसाचं म्हणणं होतं ते.

नंतर मेघाच्या इंजिनिअरिंगचं आलं. पहिल्या वर्षाची फी आणि हॉस्टेल मिळून आपल्या आवाक्याबाहेर होतं. त्याच दिवसांत मला कॉम्प्युटरवर परदेशातल्या एका लिलावाचा फोटो सापडला. तेच इंजिन. तीच चिमणी, तीच चाकं, तोच दिवा. किंमत वाचून मी खुर्चीवरून उठलेच. तुम्हाला ओढत आणून दाखवलं. तुम्ही खूप वेळ बघितलंत आणि म्हणालात की ते वेगळं आहे. त्याच्या बाजूच्या टाकीवर आपल्या इकडच्या जुन्या रेल्वेची तीन सोनेरी इंग्रजी अक्षरं आहेत, आपलं कोरं आहे. मी म्हटलं, "तीन अक्षरानं काय होते?" तुम्ही तो फोटो बंद केलात. मी म्हटलं, निम्मे येतील, पाव येतील, टाका तर खरं. मी आत्ता टाइप करते, तुम्ही सांगा. तुम्ही म्हणालात, "ते विकाऊ नाही."

आणि आठ दिवसांनी तुम्ही बेसाचा प्लॉट विकलात. तेव्हा बेसा म्हणजे शेतं आणि बाभळी. तिथे घर बांधायचं, पुढे पारिजातक लावायचा, हे मी दहा वर्षं मनात मांडत आले होते. स्वयंपाकघराची खिडकी कुठल्या बाजूला, तेही ठरलं होतं. त्या दिवशी मी जे बोलले ते तुमच्या-माझ्यात राहिलं असतं तर बरं झालं असतं. पण दारात मेघा उभी होती. "पोरीपेक्षा आन् घरापेक्षा तुमाले ते डबडं मोठं." एवढंच बोलले, आणि मग आठ दिवस काहीच बोलले नाही. तुम्ही डबा स्वतः भरून नेलात. मेघा शिकली, नोकरीला लागली, तुमच्याशी नीट बोलायची, पैसे पाठवायची. पण तिच्या डोक्यात पक्कं बसलं की बाबांनी आईचं घर विकलं आणि खेळणं ठेवलं. दिवाळीला ती यायची. दसऱ्याला, ते इंजिन पाटावर बसायच्या सणाला, ती कधीच आली नाही. रजा नाही म्हणायची. तुम्ही म्हणायचात, असते बाप्पा, मोठ्या कंपनीत असंच असते. आणि मी? बेसावरून जाताना दरवेळी मी बोट दाखवायची. आता चार मजले झाले बघा. आता खाली दवाखाना झाला बघा. तुम्ही गाडी चालवत पुढे बघायचात.

परवा मेघाने पुण्याच्या गृहस्थांचा निरोप पाठवला. चमक मूळची आहे की घासलेली, निळ्या दिव्याखाली बघून कळवा, म्हणून. इतक्या वर्षांत त्या एका इंजिनाला आपण कधी गोधडीखाली घेतलं नव्हतं. तुम्ही म्हणायचात, त्यात बघण्यासारखं काय आहे? खरं सांगू, माझा समज होता की माझ्या हातून ते पडेल, अशी तुम्हाला भीती वाटते. मी दुपारी दार लावलं, पलंगावर बसले, डोक्यावरून गोधडी घेतली. आतली जागा फार मोठी वाटली. दिवा लावला.

आधी दिसली हळद. पिवळी धमक पेटलेली, प्रत्येक खिळ्याभोवती, प्रत्येक सांध्यात. निळ्या उजेडात हळद अशी जळते हे मला माहीत नव्हतं. दर खंडेनवमीला ओढलेली बोटं सगळी तिथे होती. मला बरं वाटलं, क्षणभर. मग मी बाजूची टाकी फिरवली. पितळ काळं दिसत होतं आणि त्या काळ्यात नारिंगी धुकं असावं तशा जुन्या रोगणाच्या खुणा होत्या. एक उभी रेघ, तिला दोन पोटं, म्हणजे इंग्रजी बी. तिच्या शेजारी दुसरं अक्षर. त्याच्या शेजारी तिसरं. आणि त्या तिन्हींवरून गोल गोल ओरखडे, उलट्या दिशेने फिरलेले. तुम्ही शिकवल्याप्रमाणे मी ते वाचले. घासणारा डावरा. आपल्या घरात डावरी मी एकटी. आडव्या नळीच्या मागे, जिथे माझं बोट पोचलं नसेल, तिथे सोनेरी रंगाचा तांदळाएवढा तुकडा अजून शाबूत होता.

मी दिवा विझवला, पण गोधडी काढली नाही. किती वेळ ते सांगता येणार नाही. घाम आणि रडणं एकाच जागी वाहत होतं.

तुम्हाला सगळं माहीत होतं. खिडकीशी तिरकं धरलंत त्या संध्याकाळपासून. आणि विकणार कसं होतात तुम्ही? विकायचं तर वर्णन लिहावं लागणार, वर्णनात दोष आधी लिहावा लागणार, आणि टाइप करायला मी. मलाच तुम्हाला सांगावं लागलं असतं, "लिही, अक्षरं घासून टाकली." नियम मोडून दोष लपवला असतात तर ग्राहक फसला असता. नियम पाळला असतात तर मला कळलं असतं. म्हणून तुम्ही प्लॉट विकलात. आणि वर माझं ते वाक्य ऐकून घेतलंत, लेकीसमोर, आणि पुढची सतरा वर्षं माझं बोट. माणसाने इतकं का सोसावं? एकदा तरी ओरडायचं होतं माझ्यावर. मी रडले असते, आठ दिवसांनी हसले असते. मी काय काचेची होते? तुमच्यावर खरा राग आहे माझा यासाठी. एवढं मोठं ओझं माझ्या नावचं, आणि मला न विचारता तुम्ही एकट्याने उचललंत.

आणखी एक गोष्ट काल भांड्यांच्या कपाटापाशी उभी असताना ध्यानात आली आणि मी एकटीच मोठ्याने हसले. आपल्या दुसऱ्या दसऱ्यापासून घरातली सगळी पितळ तुम्ही घासायचात. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी रजा टाकून, ओट्याशी बसून, समई, तांब्या, घंटा. चिंचेचं भांडं तुमच्या ताब्यात. भिशीतल्या बायकांना मी टेचात सांगायची, आमच्या यांना माझे हात खराब झालेले चालत नाहीत. त्या आपापल्या नवऱ्यांना तुमचं उदाहरण द्यायच्या. अहो लबाड माणसा, तुम्ही पस्तीस वर्षं माझ्या हातांची नाही, चिंचेची राखण करत होतात.

काल संध्याकाळी मी मेघाला फोन केला. वर्णन तयार आहे, घे लिहून, म्हटलं. ती म्हणाली, किंमत सांग आधी. मी म्हटलं, "नाही. तुझ्या बाबाचा नियम हाये. दोष आधी." आणि सांगितलं. बाजूच्या टाकीवरची तीन अक्षरं मालकाच्या बायकोने लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला चिंच आणि राखेने घासून काढली. मालकाला त्याच दिवशी समजलं. मालकाने कोणालाही सांगितलं नाही. मी अगदी टाइपिंगच्या आवाजात सांगत गेले, स्वल्पविरामासकट. पलीकडे बोटांचा आवाज येत होता, तो मध्येच थांबला.

ती म्हणाली, "मंग प्लॉट त्याच्यासाठी विकला?"

मी म्हटलं, "हो वं. माझ्यासाठी. आन् मी तुले उलटं सांगत आली."

तुमच्यासारखी आहे ती, गप्प बसली की घाबरायला होतं. मी म्हटलं, शिव्या द्यायच्या तर दे. मग तिचं नाक ओढल्याचा आवाज आला. पुण्याच्या माणसाला काय कळवू, असं विचारलं तिने, आणि मी उत्तर देण्याआधी स्वतःच म्हणाली, "राहू दे. विकाऊ नाही म्हणते मी त्याले. दसऱ्याले येऊन राहिली मी."

म्हणजे ती येते आहे, तुम्ही नसताना. तुम्हाला हवं होतं तेव्हा आली नाही, त्यात चूक तिची नाही. हे सगळं तुम्ही असताना व्हायला हवं होतं. एक दुपार पुरली असती. तुम्ही, मी, ती आणि गोधडी. मला तुमची माफी मागायची होती, ती मागायला आता माणूस नाही. बेसावरून मात्र मी मुकाट जाईन, एवढं तरी माझ्या हातात आहे.

जाऊबाई म्हणाल्या, यंदा घरात सण नाही, हळदीकुंकवाला तू हात लावू नको. मी हो म्हटलं. वाद घालायचं त्राण नाही. पण खंडेनवमीला पाट मांडणार आहे. तुमचा पाना, तुमचं लोहचुंबक, निळा दिवा आणि मधे इंजिन. नळीमागच्या त्या तांदळाएवढ्या सोनेरी तुकड्याला धक्का न लावता, एका बोटाने हळद लावीन. मेघाला दाखवीन तो तुकडा कुठे आहे ते.

देवघरातली पितळ या वर्षी काळी पडली आहे, घासणारा नाही म्हणून. आज सकाळी चिंच भिजत घातली. देवांपुरतीच.